ल्यूथरन चर्चच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधींची तयारी

ल्यूथरन चर्चमध्ये ठराविक वर्षांनी अधिवेशन भरतं, त्यात मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वतीनं बसणारे, बोलणारे आणि मत देणारे पाळक आणि साधे सभासद म्हणजे प्रतिनिधी. निवड झाल्यापासून अधिवेशनाचं कामकाज सुरू होईपर्यंत त्यांनी जे वाचायचं, ऐकायचं, शिकायचं आणि ज्यासाठी प्रार्थना करायची ते सगळं मिळून त्यांची तयारी. ही नोंद मुख्यतः अमेरिकेतल्या ल्यूथरन चर्चबद्दल आहे, कारण थोड्या दिवसांसाठी एकत्र येणारं, ठराव करणारं आणि मग विसर्जित होणारं अधिवेशन हा प्रकार तिथंच सगळ्यात जास्त वाढला. युरोपातल्या जुन्या राष्ट्रीय चर्चमध्ये गोष्ट वेगळी आहे, उदाहरणार्थ स्वीडनच्या चर्चची २५१ सदस्यांची सभा चर्चच्या सभासदांच्या थेट मतदानानं, गटांच्या याद्यांवरून चार वर्षांसाठी निवडली जाते, त्यामुळे तिथला सदस्य आमदारासारखा कामात मुरत जातो. अमेरिकेतला प्रतिनिधी मात्र पुष्कळदा आयुष्यात एकदाच जातो, म्हणून तयारीचा प्रश्न तिथं जास्त टोकदार आहे.

मिसूरी सिनड या मंडळ्यांच्या संघात (स्थापना २६ एप्रिल १८४७, शिकागो) राष्ट्रीय अधिवेशन दर तीन वर्षांनी होतं. साधारण ७ ते २० मंडळ्या आणि १,५०० ते १०,००० दृढीकरण झालेले (विधीपूर्वक विश्वास कबूल केलेले) सभासद मिळून एक निवडणूक सर्किट धरतात, आणि प्रत्येक सर्किटमधून एक पाळक आणि एक सामान्य सभासद असे दोघं जातात. म्हणजे हा माणूस फक्त आपल्या मंडळीचा नसतो, आजूबाजूच्या दहा-पंधरा मंडळ्यांचाही असतो, आणि त्यातल्या कितीतरी मंडळ्यांत त्यानं कधी पाऊलही ठेवलेलं नसतं. सुरुवातीला असं नव्हतं, प्रत्येक मंडळी आपला पाळक आणि आपला माणूस पाठवायची, पण सिनड इतकी वाढली की एका छपराखाली सगळे मावेनात. १८५४ मध्ये डिस्ट्रिक्ट, म्हणजे प्रादेशिक विभाग, पाडले गेले आणि १८७४ पासून प्रतिनिधींचं अधिवेशन सुरू झालं. तयारी नावाची वेगळी गोष्ट खऱ्या अर्थानं तेव्हापासूनची मानावी असं वाटतं, कारण स्वतःच्या मंडळीपुरतं बोलणाऱ्याला फार तयारी लागत नाही, दुसऱ्यांच्या वतीनं बोलणाऱ्याला लागते.

साध्या सभासदाला पाळकाच्या बरोबरीनं मत कुठून मिळालं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सगळ्यात मागं जायचं तर मार्टिन ल्यूथरचं १५२३ मधलं लाइसनिग गावच्या मंडळीसाठीचं छोटं लेखन पुढं केलं जातं, त्यात शिकवण पारखायचा आणि शिक्षक नेमायचा हक्क ख्रिस्ती मंडळीला आहे असं तो पवित्र शास्त्राच्या आधारानं मांडतो. पण त्यानंतर जर्मनीत चर्चचा कारभार राजे आणि त्यांच्या कचेऱ्यांकडे गेला, त्यामुळे ल्यूथरच्या त्या विचारापासून आजच्या प्रतिनिधीपर्यंत सलग धागा दाखवणं अवघड आहे. अमेरिकेत हेन्री मेल्किओर म्युलनबर्ग या पाळकानं १७४८ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनियाच्या पाळकांची पहिली सभा बोलावली, तिला मंडळ्यांची जाणती माणसं हजर होती, पण त्यांचं काम मुख्यतः अहवाल देणं आणि विचारलं तर सांगणं एवढंच असावं. मताचा हक्क त्यांना १७९२ च्या नव्या घटनेनं दिला असं सर्वसाधारणपणे मानतात. मधल्या काळात ॲमस्टरडॅम आणि लंडनच्या ल्यूथरन मंडळ्यांच्या नियमावल्या अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. राजाचा आधार नसलेल्या या मंडळ्यांना आपला कारभार आपणच चालवावा लागायचा, आणि शेजारच्या रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनपंथी) चर्चची, निवडक वडील सभासदांनी कारभार बघायची पद्धतही त्यांच्या डोळ्यासमोर होती. त्यामुळे काही जण या हक्काचं मूळ ल्यूथरपेक्षा हॉलंडकडे शोधतात.

मिसूरी सिनडच्या बाबतीत वाद आणखी रंगलेला आहे. सिनडच्या स्थापनेत पुढं ज्यांचा मोठा वाटा होता ते जर्मनीतल्या सॅक्सनीतून आलेले लोक १८३९ च्या सुरुवातीला मिसूरीत उतरले, त्यांचा पुढारी मार्टिन स्टीफन याला त्यांनी स्वतःहून बिशप करून घेतलं होतं, आणि काही महिन्यांतच गैरवर्तनाच्या आरोपांवरून त्याला पदावरून काढून नदीपार इलिनॉयला सोडून दिलं. मागं राहिलेल्यांना प्रश्न पडला की बिशप नाही, मायदेशाचं चर्च सोडलं, मग आपण चर्च तरी आहोत का? ड्रेस्डेनच्या सरकारी दप्तरखान्यात काम केलेला कार्ल एडुआर्ड व्हेझे हा साधा सभासद त्या वेळी ल्यूथरची अवतरणं काढून मंडळीच्या हक्कांबद्दल ठाम बोलला. तो स्वतः लवकरच जर्मनीला परतला, पण एप्रिल १८४१ मध्ये मिसूरीतल्या आल्टेनबुर्गच्या जाहीर वादसभेत सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर या तरुण पाळकानं जी भूमिका मांडली तिच्यात व्हेझेच्या मुद्द्यांचा ठसा स्पष्ट दिसतो. देवाचं वचन आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) जिथं आहेत तिथं चर्च आहे, आणि जिथं चर्च आहे तिथं पाळक नेमायचा हक्कही आहे, असा त्याचा मथितार्थ.

आता हे सगळं ल्यूथरच्या वाचनातून आलं की आजूबाजूच्या अमेरिकन लोकशाहीतून? त्याच काळात बव्हेरियातल्या नॉइएनडेटेल्साऊच्या विल्हेल्म ल्योहं या पाळकाला दुसरी शंका वाटत होती. त्यानं अमेरिकेत माणसं धाडली होती, पण मंडळ्यांना इतका अधिकार देणं म्हणजे तिकडच्या राज्यपद्धतीची चर्चमध्ये भेसळ आहे असं त्याचं मत होतं, आणि पुढं याच प्रश्नावरून त्याचे मिसूरी सिनडशी संबंध तुटले. उलट कार्ल मुंडिंगर यांनी १९४७ मध्ये सिनडच्या कारभाराचा मुळापासून अभ्यास करून लोकशाहीचा प्रभाव फारसा मानला नाही, तर सगळा भर ल्यूथरवर आणि स्टीफन प्रकरणाच्या अनुभवावर दिला. मुंडिंगर यांचं म्हणणं कागदपत्रांना जास्त धरून वाटतं, कारण आल्टेनबुर्गला वाद करणारे लोक इंग्रजीतून चालणाऱ्या अमेरिकी राजकारणात अजून उतरलेलेच नव्हते. तरी ही पद्धत पुढं इतकी टिकली आणि मानवली यात आसपासच्या हवेचा काहीच वाटा नव्हता असंही म्हणता येत नाही.

या इतिहासाचा तयारीशी थेट संबंध आहे. वाल्थरनं १८४८ च्या अध्यक्षीय भाषणात विचारलं होतं की आपल्याकडे वचनाच्या सत्तेशिवाय दुसरी कुठलीच सत्ता नाही, तरी आपण आनंदानं काम का करावं. सिनड ही मंडळ्यांना सल्ला देणारी संस्था, हुकूम सोडणारी नाही, हे तत्त्व आजही घटनेच्या सातव्या कलमात आहे. म्हणजे प्रतिनिधी जो ठराव पास करतो तो शेवटी पटवूनच अमलात येतो, आणि पटवायचं तर आधी स्वतःला नीट समजलेला पाहिजे.

वाचनाचं मुख्य साहित्य म्हणजे अधिवेशनाचं वर्कबुक. त्यात सिनडची कार्यकारी मंडळं, सेमिनरी (पाळकांची विद्यालयं), विद्यापीठं आणि अधिकारी यांचे अहवाल असतात, आणि मंडळ्या, सर्किट, डिस्ट्रिक्ट यांनी पाठवलेले प्रस्ताव असतात. प्रस्ताव वाचायची एक रीत आहे. वरच्या भागात ‘ज्याअर्थी’ नं सुरू होणारी कारणं एकाखाली एक येतात आणि खाली ‘त्याअर्थी ठराव करण्यात येतो की’ नं सुरू होणारी कलमं. नवखा माणूस वरची कारणं वाचून हो म्हणून मोकळा होतो, पण अंमल होतो तो खालच्या कलमांचा. म्हणून अनुभवी लोक आधी खालचं वाचतात, कोण काय करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून, हे पेन्सिलनं खुणावतात, आणि मग वर जाऊन कारणं त्याला पुरतात का ते बघतात. एकाच विषयावर दोन टोकांचे प्रस्ताव आलेले असतात, ते अधिवेशनाआधी बसणाऱ्या फ्लोर कमिट्यांकडे, म्हणजे प्रस्ताव छाननाऱ्या समित्यांकडे, जातात, तिथं काही एकत्र होतात, काही बदलतात, काही नाकारले जातात. पुढं सभेसमोर जे येतं त्याला कमिटीचा आकडा आणि अनुक्रमांक असतो, आणि मजकूर वर्कबुकातल्यापेक्षा बराच वेगळा असू शकतो, तो दररोज निघणाऱ्या कामकाज-पत्रकातून समजतो. त्यामुळे फक्त घरून वाचून आलो म्हणजे झालं असं होत नाही, रोज रात्री पुन्हा बसावं लागतं.

दुसरा मोठा भाग सभाशास्त्राचा, आणि इथं सभा चालवण्याचे रॉबर्टचे नियम येतात. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकी सैन्यातला इंजिनिअर, त्याला १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला एका चर्चच्या सभेचं अध्यक्षपद निभवावं लागलं आणि काहीच येत नसल्यानं फजिती झाली, त्यातून त्याचा अभ्यास सुरू झाला आणि १८७६ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. ते चर्च बॅप्टिस्ट होतं, ल्यूथरन नाही, पण नियमांची सुरुवात चर्चच्या सभेपासूनच झाली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. या नियमांप्रमाणे अधिवेशन भरलं तरी लगेच मत घेता येत नाही, आधी प्रतिनिधींच्या ओळखपत्रांचा अहवाल मंजूर व्हावा लागतो, मग कामकाजाचे स्थायी नियम, मग कार्यक्रम, आणि या तिन्ही गोष्टी झाल्यावरच सभा मूळ कामाला लागते. प्रतिनिधीला निदान एवढं यावं अशी अपेक्षा असते: दुरुस्ती मांडता येते, दुरुस्तीवर दुरुस्तीही मांडता येते, पण त्याच्या खाली तिसरा थर चालत नाही. चर्चा थांबवून मत घ्या असं म्हणायला दोन तृतीयांश लागतात कारण त्यानं दुसऱ्याचा बोलायचा हक्क जातो. आणि विषय मेजावर ठेवणं म्हणजे तो गाडून टाकणं नव्हे, तातडीचं काही आलं तर तात्पुरतं बाजूला सारणं, विषय संपवायचा तर त्यासाठी बेमुदत तहकुबीचा वेगळा प्रस्ताव आहे. ही शेवटची गल्लत फार सर्रास होते. दुरुस्ती तोंडी सांगून भागत नाही, कोणत्या ओळीतला कोणता शब्द काढायचा आणि कोणता घालायचा ते लिहून द्यावं लागतं, म्हणून माईकपाशी रांगेत उभं राहण्याआधीच मजकूर तयार पाहिजे.

प्रतिनिधीनं पाठवणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे मत द्यायचं की स्वतःच्या विवेकानं, हा जुना प्रश्न. रॉबर्टचे नियम सांगतात की पाठवणाऱ्यांनी काही बंधन घातलेलं नसेल तर प्रतिनिधी मोकळा आहे. ल्यूथरन लेखनात सर्वसाधारण कल विवेकाच्या बाजूनं दिसतो, आणि तो बरोबरही वाटतो, कारण सगळे आधीच मत बांधून आले तर वचन उघडून एकत्र ऐकणं आणि एकमेकांना समजावणं याला अर्थच राहत नाही. पण मोकळा म्हणजे बेदरकार नाही, सर्किटमधल्या मंडळ्यांना भेटणं, त्यांचं ऐकून घेणं, त्यांच्या चिंता लिहून ठेवणं हा तयारीचाच भाग धरला जातो.

अमेरिकेतलं इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च हे तीन चर्चच्या विलीनीकरणातून झालं, स्थापना अधिवेशन १९८७ मध्ये कोलंबस, ओहायोला आणि काम १ जानेवारी १९८८ पासून. तिथं सभेत मत देणाऱ्यांचं प्रमाण घटनेतच बांधलेलं आहे, किमान साठ टक्के सामान्य सभासद, शिवाय स्त्रिया, तरुण आणि वेगवेगळ्या वंशांचे, भाषांचे लोक यांचाही विचार. याचा अर्थ पहिल्यांदाच येणारे बरेच असतात. अध्यक्षीय बिशपची निवडणूक त्यांना आधी समजावून द्यावी लागते, कारण उमेदवारच नसतात, पहिल्या फेरीत प्रत्येक जण एक नाव लिहितो आणि मग फेऱ्या घेत घेत नावं कमी होत जातात. एलिझाबेथ ईटन २०१३ मध्ये पिट्सबर्गला अशाच निवडल्या गेल्या. मिसूरी सिनडनं उलट दिशा धरली, तिथं २०१३ पासून अध्यक्षाची निवड अधिवेशनाआधीच मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या इलेक्ट्रॉनिक मतदानानं होते.

एकेका मताचं वजन बघायचं तर इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चची २००९ ची मिनीआपोलिसची सभा बघावी. मानवी लैंगिकतेवरच्या सामाजिक निवेदनाला दोन तृतीयांश मतं लागत होती आणि मतं पडली ६७६ विरुद्ध ३३८. एकूण १,०१४, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश, एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर निवेदन पडलं असतं. त्या निर्णयाबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्या दिवशी हातात मतदानाचं यंत्र धरून बसलेल्या प्रत्येकानं विषय किती वाचला होता हा प्रश्न कायम महत्त्वाचा राहील.

स्त्रियांचा सहभाग चर्चगणिक वेगळा. मिसूरी सिनडनं १९६९ च्या डेन्व्हर अधिवेशनात मंडळ्यांमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराला वाट दिली, त्यानंतर त्या सामान्य प्रतिनिधी म्हणून येऊ लागल्या. विस्कॉन्सिन सिनड या अमेरिकेतल्याच दुसऱ्या ल्यूथरन चर्चमध्ये, जिचं अधिवेशन विषम वर्षी भरतं, प्रतिनिधी पुरुषच असतात. मिसूरीत नेमलेले शिक्षक आणि डीकनेस (चर्चमध्ये सेवेसाठी नेमलेल्या स्त्रिया) यांना बोलता येतं पण मत नसतं, ते सल्लागार प्रतिनिधी, आणि यावर वेळोवेळी बदलाचे प्रस्ताव आलेले आहेत. जागतिक पातळीवर ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशननं (लुंड, १९४७) १९८४ च्या बुडापेस्ट सभेपासून चाळीस टक्के स्त्रिया, चाळीस टक्के पुरुष आणि वीस टक्के तरुण असं प्रमाण धरलं, आणि सभेआधी प्रादेशिक, स्त्रियांच्या आणि तरुणांच्या वेगळ्या पूर्वसभा घ्यायची पद्धत पाडली. २०२३ च्या क्रॅकॉव्ह सभेआधीही त्या झाल्या.

परत आल्यावरचं काम तयारीत मोजायचं की नाही यावर मतभेद होऊ शकतो, पण ते सुटत नाही. मिसूरी सिनडची घटना बदलायची तर अधिवेशनात दोन तृतीयांश मतं पुरत नाहीत, बदल मंडळ्यांकडे जातो आणि सहा महिन्यांत त्यांच्याही दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. अशा वेळी प्रतिनिधी सर्किटमधल्या मंडळ्यांत जाऊन काय ठरलं, का ठरलं, विरोधात कोणते मुद्दे होते हे सांगतो, आणि ते नीट सांगता यावं म्हणून अधिवेशनातच टिपणं काढून ठेवायला शिकवलं जातं.