विचाराच्या नावे ठेवलेला पैसा: मृत्युपत्रातल्या राजकीय देणगीची पार्श्वभूमी

सोलापुरात राजकारण निवडणुकीपुरते नसते. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. विडी कामगारांच्या लढ्यात किंवा तिकडे सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेली माणसे उतारवयात म्हणतात, मुलाबाळांचे झाले, आता मागे उरेल त्यातले थोडे चळवळीला जाऊ दे. मग मृत्युपत्रात एक ओळ येते: ‘उरलेली रक्कम समतेच्या विचारांच्या प्रसारासाठी खर्च करावी.’ इच्छा मोलाची आहे, पण अशा ओळीवर पैसा टिकत नाही. तो का टिकत नाही, हे एका फार मोठ्या माणसाच्या मृत्युपत्राने दाखवून दिले आहे.

विठ्ठलभाई पटेल हे केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ त्यांचे निधन झाले. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २ ऑक्टोबरला, त्यांनी मृत्युपत्र केले. इतर देणग्या भागवून उरेल ती रक्कम सुभाषचंद्र बोस यांच्याकडे द्यावी. त्यांनी किंवा ते नेमतील त्यांनी ती भारताच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशांत भारताची बाजू मांडण्यासाठी खर्च करावी, असे त्यात होते. रक्कम सुमारे सव्वा लाखाची. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९३९ मध्ये न्यायमूर्ती वाडिया यांनी ही देणगी रद्द ठरवली आणि अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

निकालाची गोम ‘खर्च करावी’ या शब्दांत आहे. रक्कम नुसती ‘सुभाषबाबूंना द्यावी’ असे लिहिले असते, तर ती त्यांची झाली असती आणि त्यांनी ती कशावरही खर्च केली असती. उद्देश जोडल्यामुळे ते मालक राहिले नाहीत, विश्वस्त झाले. विश्वस्त म्हटला की उद्देश न्यायालयाला तपासता आला पाहिजे. ‘राजकीय उन्नती’ म्हणजे नेमके काय, कोणता खर्च त्यात बसतो आणि कोणता नाही, हे ठरवता येईना. धर्मादायाच्या, म्हणजे सार्वजनिक दानधर्माच्या, कायदेशीर व्याख्येतही राजकीय हेतू बसेना. दोन्ही दारे बंद झाल्यावर रक्कम वारसांकडे वळली.

हा दृष्टिकोन इंग्लंडमधून आला. १९१७ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड पार्कर यांनी तो स्पष्ट मांडला होता: कायदा बदलणे लोकहिताचे आहे की नाही हे न्यायालय ठरवू शकत नाही, म्हणून राजकीय उद्दिष्टाचा न्यास (ट्रस्ट) धर्मादाय होत नाही. उद्देश निश्चित असण्याची अट तर आपल्याकडे त्याहून जुनी. १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधील शेवटच्या अपील न्यायालयाने, मृत्युपत्रातली ‘धरम’साठी ठेवलेली देणगीसुद्धा अर्थ अनिश्चित म्हणून रद्द केली. ज्या समाजात ‘धर्म करणे’ म्हणजे काय हे कुणाला विचारावे लागत नाही, तिथे हा निकाल लोकांना बोचला. पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम १० ने ती चूक दुरुस्त केली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान या शब्दांनी केलेला सार्वजनिक न्यास केवळ संदिग्ध म्हणून रद्द होत नाही. राजकीय विचारांना मात्र ही सवलत मिळाली नाही.

विठ्ठलभाईंची देणगी रद्द झाली त्याच १९३९ साली एक उलटे उदाहरणही घडले. लाहोरचे सरदार दयालसिंग मजिठिया यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात ‘ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र विश्वस्तांच्या हाती सोपवले आणि त्याचे उदार धोरण चालू ठेवावे असे लिहिले. प्राप्तिकराच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, प्रांताला सुशिक्षित लोकमताचे मुखपत्र पुरवणे हे सार्वजनिक उपयोगाचे काम आहे. फरक बघा. विठ्ठलभाईंनी विचार लिहिला होता, दयालसिंगांनी काम लिहिले: छापखाना, पत्र, विश्वस्त. फाळणीनंतर लाहोर सुटले, तरी ते वृत्तपत्र आजही न्यासाकडूनच निघते.

तरीही वृत्तपत्र म्हटले की प्रश्न सुटला, असे समजू नये. टिळकांच्या निधनानंतर ‘केसरी’ आणि ‘मराठा’साठी झालेला न्यास १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याचा हेतू राजकीय असल्याने तो धर्मादाय नाही, असे बहुमताने ठरले. याउलट १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात १९२७ च्या दुरुस्तीने ‘राजकीय शिक्षणाचा प्रसार’ हे शब्द आले आहेत. म्हणजे अशी संस्था नोंदवता येते. तिला धर्मादाय मानले जाईल, याची हमी मात्र मिळत नाही.

आज सोलापुरात बसून अशी तरतूद करायची, तर सर्वांत भक्कम वाट एखाद्या चालू संस्थेला नेमके काम सांगण्याची. ‘अमुक नोंदणी क्रमांकाच्या वाचनालयास माझी अमुक मुदत ठेव, तिच्या व्याजातून दरवर्षी राज्यघटना आणि कामगार कायद्यांवरील मराठी पुस्तके घ्यावीत, संस्था बंद पडल्यास रक्कम तमुक संस्थेस’ ही ओळ टिकते. क्रमांक धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावरून उतरवावा. बोलीतले नाव आणि नोंदीतले नाव पुष्कळदा वेगळे असते.

थेट पक्षाला देता येते. लोकप्रतिनिधित्व कायदा पक्षांना व्यक्तींकडून स्वेच्छेची देणगी घेऊ देतो आणि २०,००० रुपयांवरच्या देणग्या पक्षाला निवडणूक आयोगाकडे जाहीर कराव्या लागतात. अडचण पक्षाच्या ओळखीची आहे. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रातले दोन मोठे पक्ष फुटले. त्याआधी कुणी नुसते पक्षाचे नाव लिहून ठेवले असेल, तर दोन दावेदार उभे राहतील. म्हणून ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी निवडणूक आयोगाच्या नोंदीत अमुक नावाने असलेला पक्ष’ असे लिहावे आणि तो नसेल तर पैसा कुणाला, हेही त्याच परिच्छेदात यावे.

व्यक्तीला द्यायचे असेल तर बिनशर्त द्यावे. इच्छा वेगळ्या पत्रात लिहावी. ते पत्र बंधनकारक नाही असे त्यातच नमूद करावे. त्या माणसावर पूर्ण भरवसा असेल तरच ही वाट.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही माझी सही’ असे मृत्युपत्र करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असावे. साक्षीदार आपल्याहून तरुण निवडावेत, कारण वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात उभे राहावे लागते. देणगी घेणाऱ्या संस्थेचा पदाधिकारी साक्षीला नको. संशयाला तिथूनच सुरुवात होते. नंतर पेनाने केलेली खाडाखोड, तिच्यापाशी पुन्हा सह्या नसतील, तर धरली जात नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे, पण वारस नाराज असतील तर ती करावीच. बँकेतले नामनिर्देशन वेगळे, मालकी वेगळी. ठेवीवर मुलाचे नाव असले तरी तो रक्कम उचलण्यापुरता असतो. त्यामुळे मृत्युपत्राची माहिती त्याला आधी द्यावी. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापलीकडे देता येत नाही.

शेतजमिनीचे मात्र जपून. कूळकायदा बिगरशेतकऱ्याच्या नावे जमीन जाऊ देत नाही. १९४८ च्या त्याच मूळ कायद्यावरच्या गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की, मृत्युपत्रानेही ती बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. मंगळवेढ्याचे ज्वारीचे रान संस्थेच्या नावे लिहून ठेवले, तर फेरफार अडतो आणि भाऊबंदकी सुरू होते. त्याऐवजी रान वारसाला द्यावे आणि संस्थेला ठरावीक रक्कम देण्याची जबाबदारी त्याच कलमात त्याच्यावर टाकावी. घर किंवा गाळा संस्थेला मिळाला, तर विश्वस्तांनी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. पुढे ती जागा विकायची झाली, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते.