मोटारीचे वायपर ब्लेड : आयुष्य आणि बदलण्याची वेळ

मोटारीच्या समोरच्या काचेवरचे पाणी, चिखल व धूळ पुसणारी रबरी पाती म्हणजे वायपर ब्लेड. साध्या रबराचे ब्लेड ६ महिने ते १ वर्ष नीट काम देते, चांगल्या सिलिकोनचे दोन वर्षांच्या आसपास टिकते. महाराष्ट्रात या आकड्यांचा अर्थ हवामानाशी जोडूनच लावावा लागतो. इथे चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन व धूळ. ब्लेड पावसात झिजते हे खरे, पण त्याचे रबर खराब होते ते प्रामुख्याने या कोरड्या आठ महिन्यांत, वायपर बंद असताना. ‘गेल्या जूनमध्ये बदलले, दिवाळीनंतर वापरलेच नाही’ हा हिशेब म्हणूनच मृगाच्या पहिल्या सरीत चुकतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये हाताने चालवायच्या वायपरचे पेटंट मिळाले. पुढे हाताची जागा विजेच्या मोटरने घेतली, तरी काचेला टेकणारी वस्तू रबरच राहिली. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ वायपरविषयी आहे.

रबराची कड कशी काम करते

काचेला टेकणारी कड एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि वरच्या जाड भागाला ती पातळ मानेने जोडलेली असते. ब्लेड उजवीकडे निघाले की कड डावीकडे कलते आणि मागून ओढली जाते. फटका उलटला की ती मानेतून वळून दुसऱ्या अंगावर पडते. कड अशी ओढली गेली तरच पाणी एकसारखे पुसले जाते. ती वळली नाही तर काचेवर ढकलली जाते, अडखळते आणि ‘थडथड’ आवाज येतो. युरोपीय नियमांत वायपरच्या जलद गतीसाठी मिनिटाला किमान ४५ फेऱ्या सांगितल्या आहेत. या गतीने तासाभरात २,७०० फेऱ्या होतात, म्हणजे कड ५,४०० वेळा कूस बदलते. घाटातल्या एका पावसाळी प्रवासात इतके काम सहज होते.

उन्हातील अतिनील किरण, काचेची उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे रबराची लवचीकता जाते. मान कडक होते आणि तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. दुसरा दोष उभ्या गाडीत निर्माण होतो. ब्लेड धरून फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, स्प्रिंगचा दाब कडेवर सतत असतो. गाडी उन्हात आठवडेच्या आठवडे एका जागी राहिली, की कड ज्या अंगावर दबलेली असते तिथेच कायमची वाकते. कमी चालणाऱ्या गाडीचे ब्लेड रोजच्या गाडीपेक्षा लवकर वाया जाते ते यामुळे. वळवाच्या सरींत आणखी एक घाव बसतो : काचेवर महिनोन्‌महिन्यांची धूळ असते, पाणी जेमतेम पडलेले असते, आणि त्या चिखलावरून वायपर फिरवला की वाळूचे कण कडेला खाचा पाडतात.

काचेवरच्या खुणा वाचणे

ब्लेड बदलण्याआधी दोष ब्लेडचाच आहे ना, हे पाहावे. जाताना व येताना एकाच जागी बारीक रेघ उमटत असेल, तर तिथे कडेला खाच आहे किंवा कचरा चिकटला आहे. ओल्या फडक्याने कड पुसून पाहावी; रेघ तशीच राहिली तर ब्लेड गेले. एकाच दिशेने जाताना थडथड आणि परतताना स्वच्छ पुसणी होत असेल, तर कड वाकून बसली आहे किंवा आर्म पिळला आहे. नवे ब्लेड लावूनही हा आवाज राहिला तर आर्मच दोषी. वायपर थांबलेल्या जागी ब्लेड काचेला काटकोनात उभे हवे. ते कलले असेल तर मेकॅनिक आर्म अगदी थोडा पिळून सरळ करतो.

मध्येच रुंद पट्टा न पुसता राहिला, तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही. पट्टीच्या, म्हणजे सांगाडा नसलेल्या ब्लेडमध्ये आतल्या स्टीलच्या पातीचा बाक गेलेला असतो. सांगाड्याच्या ब्लेडमध्ये सांधे गंजून जाम होतात. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे लवकर होते. उलट, फटक्यानंतर पूर्ण काचेवर दुधी धुके पसरत असेल आणि रात्री समोरचे दिवे पसरट दिसत असतील, तर काचेवर डिझेलच्या धुराचा तेलकट थर किंवा पॉलिशचे मेण आहे. अशा वेळी नव्या ब्लेडवर केलेला खर्च फुकट जातो. आधी काच भांड्यांच्या साबणाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी.

केव्हा आणि कसे बदलावे

मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला पोहोचतो. त्यामुळे मे अखेर ही बदलण्याची योग्य वेळ, आगोटीच्या इतर कामांसोबतच. त्याआधी काचेवर तांब्याभर पाणी ओतून पाच-सहा फटके मारावेत आणि कड बोटाने दोन्ही बाजूंना वाकवून पाहावी. ती लगेच सरळ झाली नाही, भेगा दिसल्या किंवा कड गोल झाली असेल, तर ब्लेड बदलावे. दोन्ही ब्लेड एकदमच बदलावीत.

दोन्ही बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते, म्हणून जुनी ब्लेड मोजून किंवा गाडीचे पुस्तक पाहून इंचात माप घ्यावे. एखादा इंच लांब ब्लेड घेतल्यास ते दुसऱ्यावर किंवा काचेच्या चौकटीवर आपटते. आर्मच्या टोकाला बहुतेक गाड्यांत इंग्रजी ‘यू’ आकाराचा आकडा असतो. तसा नसेल तर दुकानात जुने ब्लेडच न्यावे.

काचेवर जाड टॉवेल पसरावा. हे टाळू नये. ब्लेड काढल्यावर आर्म हातातून सुटला, तर त्याचे लोखंडी टोक स्प्रिंगच्या जोराने आपटून काच तडकते. मग आर्म उभा करावा, ब्लेड त्याला आडवे फिरवावे, आकड्याच्या आतली क्लिप दाबावी आणि ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवून सोडवावे. नवे ब्लेड आकड्यात अडकवून ‘टक’ आवाज येईपर्यंत वर ओढावे. कडेवरचे प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण काढायला विसरू नये. आर्म हळू खाली टेकवावा आणि पाणी मारूनच पहिला फटका द्यावा. वायपर बॉनेटखाली दडलेले असतील, तर ते आधी सर्व्हिस स्थितीत, म्हणजे आर्म उचलता येईल अशा जागी काचेवर वर, आणावे लागतात. त्याची कृती गाडीच्या पुस्तकात असते. सांगाडा शाबूत असल्यास काही ब्लेडमध्ये नुसती रबरपट्टी बदलता येते. हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे, मात्र पट्टीची रुंदी जुळली पाहिजे.

आयुष्य वाढवणे

पंधरा दिवसांतून एकदा कड साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी. पहिल्या एक-दोन वेळा फडके काळे होते, ते साहजिक आहे. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने पुसू नये, रबर फुगते. कडेवर पॉलिश पेपर घासण्याचा उपाय चार दिवस चालतो, मग रेघा वाढतात, कारण कडेवरचा निसरडा थर त्यात निघून जातो. कोरड्या धुळीवर वायपर कधीही फिरवू नये.

सोसायटीत गाडी पुसणारे काम झाल्याची खूण म्हणून वायपर उभे करून जातात. याने रबर गरम काचेपासून दूर राहते, पण स्प्रिंग ताणलेली राहते आणि आर्म कोणाच्या धक्क्याने काचेवर आपटू शकतो. रोज तसे ठेवण्यापेक्षा गाडी सावलीत लावणे किंवा काच झाकणे बरे.

वायपर वाटेतच बंद पडल्यास काचेवर बाहेरून तंबाखू चोळण्याची ट्रकचालकांची जुनी युक्ती आहे. तिने पाण्याचे थेंब न बनता ते सलग पसरते आणि थोडे दिसते. गाडी सुरक्षित जागी घेण्यापुरताच तिचा उपयोग. मागच्या काचेचा वायपर क्वचित वापरला जातो, तरी ऊन त्यालाही तेवढेच लागते. मे महिन्यातल्या तपासणीत त्याचीही कड वाकवून पाहावी.