जवळ्याचे पाय

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की वाशी, दिवाळे, करावे या गावांच्या बाजारात आणि ठाण्याच्या कोळीवाड्यांच्या आसपास सुक्या मासळीच्या टोपल्यांपुढे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं." गिऱ्हाईक हे ठामपणे सांगतं. विकणारी मावशी वाद घालत नाही, माप भरते. प्राणिशास्त्रात मात्र हा प्रश्न १८३० सालीच सुटला होता, आणि त्याचं उत्तर पायांत सापडतं.

त्या वर्षी आंरी मिल्न एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसच्या एका नियतकालिकात कवचधारी प्राण्यांच्या काही नव्या प्रजातींचं वर्णन छापलं. त्यात गंगेच्या मुखाकडून आलेला एक इवलासा प्राणी होता. त्याला नाव मिळालं असिटिस इंडिकस. आपल्या ठाणे खाडीत आणि मुंबईच्या किनाऱ्यावर डोल, बोक्षी या जाळ्यांत येतो तो मुख्यतः हाच जवळा. असिटिस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) नमुन्याची जातही हीच, म्हणजे जगभरच्या असिटिसांची ओळख जिच्याशी ताडून ठरते ती जात आपल्या चटणीत पडते. याचं कौतुक आपल्याकडे कुणी फारसं केलेलं नाही.

ताजा जवळा मिळाला तर चिमूटभर पांढऱ्या बशीत पाण्यात सोडावा आणि साधं भिंग घ्यावं. अंग काचेसारखं आरपार, मादी फार तर ४ सेंटिमीटरची, नर त्याहून लहान. देठांवरचे काळेभोर डोळे आधी नजरेत भरतात. सुकल्यावरही तेवढेच काळे ठिपके ठळक राहतात. डोक्यावर कोळंबीला असतो तसा लांब, करवतीसारखा काटा शोधू नका, इथे त्याचं नुसतं टोक आहे. मिशा मात्र अंगापेक्षा कितीतरी लांब. शेपटीच्या पंख्यात, आतल्या पाकळ्यांवर, लाल ठिपक्यांची रांग. पोटाखाली पोहण्याच्या वल्ह्यांच्या पाच जोड्या आहेत. मग छातीखालचे चालायचे पाय मोजायचे. तीनच जोड्या भरतात. त्यांच्या टोकांना चिमटे आहेत, पण इतके बारीक की भिंगातूनही जेमतेम दिसावेत. चौथी आणि पाचवी जोडी नाहीच.

कोळंबीचं दोन सेंटिमीटरचं पिल्लू बघितलं तर त्याला पाचही जोड्या असतात, कपाळावर दातेरी काटाही असतो. वय वाढून जवळ्याला पाय फुटत नाहीत. उलट या एवढ्याशा नराच्या पहिल्या वल्ह्यांवर वीर्य पोचवणारा अवयव पूर्ण तयार असतो आणि त्याच्या आखूड मिशांच्या खालच्या फांदीला मादीला धरून ठेवण्यासाठी आकड्यासारखी रचना असते. पिल्लाला असलं काही लागत नाही. जवळा वर्षभराच्या आत जन्मून, वाढून, अंडी सोडून संपतो. टोपलीतला आहे तो प्रौढच.

मग याला ठेवायचं कुठे? दशपाद गणात, म्हणजे खेकडे, शेवंड, कोळंबी यांच्यासोबत. पाय सहाच असले तरी बाकीची बांधणी तिथलीच आहे: तोंडाजवळ खाणं हाताळणाऱ्या जबडापायांच्या तीन जोड्या, कल्ले पाठीच्या कवचाखाली झाकलेले. याच खुणांमुळे तो देवमाशांचं खाणं असलेला क्रिलही ठरत नाही. क्रिलचे कल्ले उघड्यावर असतात आणि त्याचा गणच वेगळा. टीव्हीवर देवमाशाचा कार्यक्रम लागला की 'हा आपला जवळाच' असं घरोघरी म्हटलं जातं, ते तेवढ्यापुरतं ठीक आहे.

१८५२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स डाना याने सर्जेस्टिडी हे कुळ मांडलं. जवळा आज त्यातच आहे. या गोतावळ्यात पाय कमी होत गेल्याचा क्रम दिसतो आणि मला वर्गीकरणातला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. कोळंबीला पाचही जोड्या धडधाकट. सर्जेस्टिस या जवळ्याच्या चुलतभावात मागच्या दोन आखूड झालेल्या. जवळ्यात त्या गेल्याच. आणि शेजारच्या कुळातल्या ल्युसिफरमध्ये त्या दोन जोड्यांबरोबर कल्लेही गेले. पाण्याच्या मधल्या थरात आयुष्यभर पोहत राहणाऱ्याला तळावर चालायचे पाय लागतातच कशाला, असा विचार यावर सहज मनात येतो.

वरच्या पातळीचा घोळ मिटायला आणखी वेळ लागला. चॅलेंजर या समुद्र-संशोधनाच्या जहाजाच्या सफरीतल्या संग्रहावर काम करताना स्पेन्स बेट याने १८८८ मध्ये झाडासारख्या फांद्या फुटलेल्या कल्ल्यांवरून एक गट वेगळा काढला. १९६३ मध्ये मार्टिन बर्कनरोड याने दशपादांची मुख्य विभागणीच त्या रेषेवर केली. एका बाजूला अंडी थेट पाण्यात सोडणारे, दुसऱ्या बाजूला ती पोटाखाली चिकटवून सांभाळणारे. पोटाखाली अंड्यांचा गठ्ठा घेतलेली चिंबोरी आपण पाहिलेली असते. तसा जवळा कधी दिसणार नाही. त्यामुळे समुद्री कोळंबी आणि जवळा एका बाजूला पडतात, तर खेकडा, शेवंड आणि गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईकाचं म्हणणं चूक असलं तरी नात्याचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही.

भारतातलं काम स्टॅनली केम्प याने पुढे नेलं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या असिटिसांवरचा त्याचा लेख १९१७ चा. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या हान्सेनने सिबोगा या डच समुद्र-मोहिमेचे नमुने तपासले. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या गोड्या पाण्यात राहणारी असिटिसची जातही त्याच वर्षी त्याच्याच हातून नोंदली गेली. शेवटी १९७५ मध्ये जपानच्या माकोतो ओमोरी याने साऱ्या प्रजातीचा एकत्रित आढावा घेतला. जाती ओळखायला आजही त्याच्याच खुणा वापरतात: नराचा तो अवयव, मिशीवरचा आकडा, शेपटीच्या काट्याचं टोक आणि मादीच्या छातीखालच्या पट्टीचा आकार.

ठाणे खाडी २६ किलोमीटरची, ठाण्याकडे निमुळती होत उल्हास नदीच्या खाडीला जोडलेली. पावसात पाणी गोडसर, उन्हाळ्यात खारट. भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधलेल्या बोक्षीत जवळा येतो तो थव्याने, आणि त्याच्यामागे बोंबीलही येतो, कारण जवळा हे बोंबलाचं आवडतं खाणं. बोंबील साफ करताना पोटात जवळा निघाला, तर पाय मोजून बघायला हरकत नाही. पचायला सुरुवात झाली नसेल तर तीन जोड्या अजून दिसतील.