ओल एकीकडे, भोक भलतीकडे: जुन्या गाडीतली गळती शोधायची कशी

पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी पडल्या की नाशकात जुनी पद्मिनी, अँबेसेडर नाहीतर जीप बाळगणाऱ्या सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं, पायाखाली पाणी साचतंय. मग गाडी ओळखीच्या गॅरेजला जाते, तिथे पुढच्या काचेच्या रबराभोवती सिलिकॉनची ट्यूब फिरवली जाते, पैसे जातात आणि पुढच्या पावसात मॅट परत ओलीच. कारण सोपं आहे, पाणी जिथे दिसतं आणि जिथून शिरतं त्यात कधी कधी तीन-चार फुटांचं अंतर असतं, आणि हे अंतर पाणी कसं कापतं ते कळलं तर शोधायचं निम्मं काम घरच्या घरी होतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: जुन्या गाडीची बॉडी पाणी पूर्ण अडवायला बनवलेलीच नाही, ती आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट द्यायला बनवलेली आहे. त्यामुळे गळती म्हणजे नवीन भोक पडलं असं दरवेळी नसतं, बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेलं जुनं भोक बुजलेलं असतं.

आधी किती पाण्याची गोष्ट चाललीये ते बघू. पद्मिनी जवळपास चार मीटर लांब आणि दीड मीटरला थोडी कमी रुंद, म्हणजे वरून बघितलं तर साडेपाच चौरस मीटर धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तर २० मिलिमीटरची एक जोरदार सर आली की या एका गाडीवर ११० लिटर पाणी पडतं. त्यातलं नुसतं एक टक्का आत गेलं तरी लिटरभर पाणी झालं, आणि लिटरभर पाणी कारपेटखालच्या नमद्याला आठवडाभर ओलं ठेवायला पुरतं. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो, इगतपुरीकडे तोच आकडा ३००० च्या वर जातो, त्यामुळे दर शनिवारी घाटाकडे गाडी नेणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यायला पाहिजे.

आणि मनावर घ्यायचं कारण नुसता कुबट वास नाही. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००, १९६४ पासून ती कुर्ल्याला बनायला लागली, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही, फ्लोअरचा पत्रा, दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि टप सगळं एकत्र वेल्ड केलेलं, आणि त्यातच गाडीची ताकद. अँबेसेडरही तशीच. म्हणजे फ्लोअर सडला तर फक्त पायाखालचा पत्रा गेला असं होत नाही, गाडी वाकायला लागते, दारं नीट बसत नाहीत, आणि दारं बसली नाहीत की रबर दाबलं जात नाही आणि पाणी अजून जास्त येतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवायला महाग पडतं. लोखंड गंजताना लोह, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र येऊन जो गंज तयार होतो त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो जोड आतून फाकवतो आणि पाण्याला आणखी जागा करून देतो.

आता पाणी आडवं कसं जातं ते. चहा कपात ओतताना हळू ओतला तर तो सरळ पडायच्या ऐवजी पातेल्याच्या बाहेरच्या अंगाने खाली ओघळतो, हे सगळ्यांनी बघितलंय. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, तो पृष्ठताण, आणि ते ओल्या पत्र्यालाही चिकटून राहतात. थेंब लहान असेल तर ही चिकटण्याची ओढ त्याच्या वजनाला पुरून उरते. म्हणून टपाच्या आतल्या बाजूने, डॅशबोर्डच्या खालच्या कडेने, वायरिंगच्या बंडलवरून पाणी उलटं लटकत जातं आणि जिथे वळण येतं, टोक येतं किंवा वायर सर्वात खाली झुकलेली असते तिथे जाऊन टपकतं. तुम्ही त्या टपकण्याच्या जागी भोक शोधत बसता आणि तिथे काहीच नसतं.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे केशाकर्षण. दोन पत्रे अगदी जवळजवळ असतील तर त्या फटीत पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढतं, आणि फट जितकी बारीक तितकं जास्त चढतं. स्वच्छ, पाण्याने भिजणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये एक मिलिमीटरची फट असेल तर पाणी दीड सेंटिमीटरच्या आसपास चढतं, पण फट ०.१ मिलिमीटरची असेल तर हिशोबाने जवळपास पंधरा सेंटिमीटर! स्पॉट वेल्डिंग केलेल्या दोन पत्र्यांमधली फट साधारण अशीच बारीक असते. कारखान्यात त्या जोडावर सीलंट लावलेलं असतं पण चाळीस वर्षांत ते कडक होऊन तडकतं. म्हणजे डोळ्याला दिसणार नाही एवढी भेग मोठ्या भोकापेक्षा त्रासदायक ठरू शकते, मोठं भोक निदान पाणी वर तरी ओढत नाही.

काही गाड्या उभ्या असताना कोरड्या असतात आणि मुंबई हायवेला लागल्या की गळतात, मालक म्हणतो अहो पाइपने तासभर पाणी मारलं, एक थेंब आला नाही. हा वाऱ्याचा दाब. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ३०० पास्कल होतो, पाण्याच्या उंचीत सांगायचं तर तीन सेंटिमीटर, म्हणजे काचेच्या खालच्या कडेला साचलेलं पाणी तीन सेंटिमीटर उंचीची कड ओलांडून आत ढकलायला हा जोर पुरतो. बोनेट संपून काच सुरू होते त्या कोनात हवा अडते, दाब तिथेच जास्त असतो, बाहेरची ताजी हवा आत घ्यायची जाळी बऱ्याच गाड्यांत तिथेच दिलेली असते ती उगाच नाही. त्यात बाजूची काच थोडी खाली असेल तर बाहेरून जाणारी वेगवान हवा आतली हवा ओढून घेते, आतला दाब कमी होतो आणि पाणी आणखी सहज शिरतं. त्यामुळे कसारा घाट उतरताना गळणारी गाडी पार्किंगमध्ये तपासून सापडणार नाही, तिची तपासणी वेगळी करावी लागते, ती पुढे सांगतो.

दरवाजे हा लोकांच्या सर्वात जास्त गैरसमजाचा भाग. खिडकीची काच वर-खाली होते तिथल्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पाणी दाराच्या पोटात उतरतंच, नवीन गाडीतही उतरतं. ते आतल्या आत खाली जाऊन दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांमधून बाहेर पडायचं असतं. ही भोकं धूळ, गंजाचे पापुद्रे आणि हौसेने मारलेल्या अंडरकोटिंगने बुजतात. मग दारात पाणी साठतं, ब्रेक मारला की डुचमळल्याचा आवाज येतो, आणि ते आतल्या पॅडच्या मागून गाडीत येतं. पॅडच्या मागे प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा असतो, तो पाणी परत दाराच्या पोटात वळवायला असतो, पण स्पीकर बसवणारा पहिल्यांदा तोच फाडतो. दोनशे मायक्रॉनची जाड प्लास्टिक शीट कापून, ब्युटाईल टेपने (मऊ, चिकट रबरी पट्टीने) चिकटवून, तिची खालची कड दाराच्या पोटात खोचली की काम झालं. मला विचाराल तर जुन्या गाडीत केलेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं काम हेच.

काचेच्या खाली, बोनेटच्या मागे जी पोकळी असते तिचंही तसंच. त्या जाळीतून पाणी आत पडणार हे धरूनच खाली निचऱ्याची वाट दिलेली असते. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर गुलमोहराची ती बारीक बारीक पानं जाळीतून सरळ आत जातात, खाली चिखल होतो आणि पोकळीचा हौद भरून पाणी केबिनमध्ये येतं. इथे सिलिकॉन कितीही लावा, काही उपयोग नाही, जाड नायलॉनची दोरी नाहीतर वाकणारी प्लास्टिकची नळी घालून वाट मोकळी करायची.

शोधायची पद्धत मामांच्या पद्मिनीवरून सांगतो. डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायाशी ओल. काचेला आधीच दोनदा सिलिकॉन लावून झालेलं. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी मॅट, कारपेट, नमदा सगळं बाहेर काढायला लावलं, पत्रा फडक्याने आणि पंख्याने पूर्ण कोरडा केला, मग डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्यावर आणि बाजूच्या आतल्या भिंतीवर टाल्कम पावडर हलकी भुरभुरली. पावडरवरून पाणी गेलं की त्याची रेघ उमटते. मग एक जण टॉर्च घेऊन आत आडवा, दुसरा बाहेर पाइप घेऊन, पाइपाला नोझल नाही, पाणी नुसतं वाहतं. आणि सुरुवात खालून! आधी दाराखालची पट्टी, मग दार, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी टप. वरून सुरू केलं तर पाणी खालच्या सगळ्या जागा भिजवत येतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. प्रत्येक जागेला सात-आठ मिनिटं तरी द्यायची, कारण पाण्याला आतून फिरून यायला वेळ लागतो.

काचेखालच्या भागावर पाणी आलं तेव्हा बराच वेळ काही नाही, मिस्त्री म्हणाले, "मामा, घाई नका करू, चालू द्या पाणी." मग आत उजवीकडे वायपरचा दांडा पत्र्यातून बाहेर येतो तिथे एक थेंब फुगताना दिसला, तो खाली पडला नाही, शेजारून जाणाऱ्या वायरिंगवर चढला, काळ्या टेपवरून सरकत सरकत पूर्ण डॅशबोर्डची रुंदी पार करून डावीकडे आला आणि जिथे बंडल झुकलं होतं तिथून टपकला. पावडरवर स्वच्छ रेघ. वायपरच्या दांड्याखालचा रबरी वॉशर हाताने दाबला तर बिस्किटासारखा मोडला. टायरच्या जुन्या ट्यूबमधून नवीन वॉशर कापला, ट्यूब बहुतेक ब्युटाईल रबराची असते आणि हे रबर ऊन आणि ओझोन चांगलं सोसतं, त्यामुळे हा जुगाड नाही, साहित्याची योग्य निवडच आहे.

ओझोनचं इथे थोडं सांगायला हवं. नैसर्गिक रबराच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला थोडासा ओझोनही ते तोडतो, म्हणून ताणलेल्या रबरावर ताणाला आडव्या बारीक चिरा पडतात. शिवाय वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं रबर परत फुगायचं विसरतं. नवीन रबर घेताना ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं मागा, त्याच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसतात, ते खूप जास्त टिकतं. दाराचं रबर कुठे दाबत नाही हे बघायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा, सहज निघाली तिथे दाब नाही. मात्र लगेच रबर बदलायला धावू नका, आधी बिजागरी आणि लॉकची खीळ नीट बसवून बघा.

हायवेवर गळणाऱ्या गाडीसाठी उलटा प्रयोग. एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून ब्लोअरची हवा आत सोडायची, बाकी काचा बंद, आणि बाहेरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. हवा जिथून बाहेर येते तिथे बुडबुडे धरतात. साबणाच्या पाण्याऐवजी बाहेर उदबत्ती फिरवली तरी धूर जिथे फुंकरीने हलतो ती जागा सापडते, फक्त पेट्रोलचा वास येत असेल तर उदबत्ती अजिबात नको. प्रेशर वॉशर मात्र कधीच वापरू नका, तो चांगल्या रबराखालीही पाणी घुसवतो आणि खोटी गळती दाखवतो.

दुरुस्तीत एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका. ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्यावर त्यानेच गंज सुरू होतो, आणि सिलिकॉनचा अंश राहिला की पुढे रंग धरत नाही, रंगाला खड्डे पडतात. पत्र्याच्या जोडाला पॉलियुरेथेनचं सीम सीलंट, आणि काचेच्या रबराखाली कधीच न वाळणारं मऊ मॅस्टिक किंवा ब्युटाईल वापरा. गाडी चालताना बॉडी थोडी पिळत असते, त्यामुळे इपॉक्सी पुट्टीसारखी कडक वस्तू जोडात टिकत नाही, तडा जातोच. गंजाच्या वर लांबी (रंगाखाली भरायची पुट्टी) भरून रंग मारणं तर सर्वात वाईट, पत्रा आत सडत राहतो आणि वरून गाडी छान दिसते. सडलेला भाग कापून नवीन पत्राच वेल्ड करायचा.

हिवाळ्यात काही जण सांगतात की पाऊस नाही तरी सकाळी काचा आतून भिजलेल्या. निफाडकडे तर थंडी चांगलीच पडते. पण हे पाणी किती असू शकतं? पंचवीस अंशाला पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प असतं, दहा अंशाला साडेनऊच्या आत. केबिन अडीच-तीन घनमीटर धरली तर रात्रीतून जेमतेम ३५-४० मिलिलिटर पाणी सुटेल. म्हणजे पायाशी डबकं असेल तर ते दवाचं नाही, आणि रोज काचा भिजत असतील तर खाली नमद्यात पावसाळ्यातलं पाणी अजून आहे.

म्हणून गळती बंद झाली तरी कारपेट लगेच टाकू नका. श्रावणात हवाच दमट असते, नुसत्या काचा उघड्या ठेवून नमदा सुकत नाही, तो बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. फ्लोअरवर चिकटवलेल्या डांबरी शीटच्या कडा नखाने उचलून बघा, सुटलेल्या असतील तर खरवडून काढा, त्यांच्या खालीच सगळ्यात जास्त पाणी दडतं. पत्रा स्वच्छ करून प्राइमर मारा, फ्लोअरमधल्या रबरी बुचांच्या जागी नवीन बुचं बसवा, आणि पुढच्या दोन मोठ्या पावसात उघड्या पत्र्यावर पायाशी वर्तमानपत्र अंथरून गाडी चालवा. कागद दोन्ही वेळा कोरडा निघाला तर मग कारपेट.