घातक कोण, निरुपद्रवी कोण: गोड्या पाण्यातल्या अमिबांची ओळखपरेड

केरळमधून 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'च्या बातम्या आल्या की नागपुरात एक प्रश्न हमखास निघतो: फुटाळा-अंबाझरी तलावांत, गावाकडच्या विहिरीत तो आहे का? अमिबा तर असणारच; गाळ, शेवाळ, टाकीचा तळ, कुठेही सापडतो. कोणता आहे, हे सांगणं मात्र कठीण, आणि त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

१९५८पर्यंत मोकळ्या पाण्यातले अमिबा निरुपद्रवीच समजले जात. त्या साली अमेरिकेत कल्बर्टसन या संशोधकांना पोलिओ लशीच्या चाचणीसाठी वाढवलेल्या पेशींत एक आगंतुक अमिबा सापडला. तो टोचलेले उंदीर, माकडं मेंदूज्वराने दगावली. १९६५मध्ये ऑस्ट्रेलियात फाउलर आणि कार्टर यांनी माणसांतले रुग्ण नोंदवले आणि कल्बर्टसनच्या धाग्यावरून अमिबाचं नाव दिलं 'बहुधा अकँथअमीबा', म्हणजे कल्बर्टसनना सापडलेलाच प्रकार. ते चुकलं होतं. १९७०मध्ये कार्टरनीच त्याला नवं नाव दिलं, नेग्लेरिया फाउलेरी. हाच तो 'मेंदू खाणारा अमिबा'. त्याला ऊन पाणी मानवतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या भागात पाणी शेकडो किलोमीटर जमिनीवरच्या पाइपांतून यायचं आणि उन्हात तापायचं. मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरलेल्या नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. भारतातले पहिले रुग्ण १९७१मध्ये कोलकात्याहून नोंदवले गेले.

ओळखायची पद्धत साधी होती. पोषणद्रव्य नसलेल्या आगरवर (जेलीसारख्या थरावर) ई. कोलाय जिवाणू सारवायचे, पाण्याचा थेंब ठेवायचा, ४२ ते ४५ अंशांवर उबवायचं. अमिबा असेल तर एक-दोन दिवसांत जिवाणू खात खात बाहेर सरकतो आणि मागे स्वच्छ पट्टा उरतो. मग तो ऊर्ध्वपातित पाण्यात टाकायचा. तासा-दोन तासांत दोन शेपट्या फुटून पोहू लागला तर नेग्लेरिया. पण एवढ्याने फक्त कूळ कळतं, कारण त्याच कुळातल्या ग्रुबेरी या निरुपद्रवी जातीलाही शेपट्या फुटतात. म्हणून भिस्त तापमानावर: ४५ अंशांना तगला तो घातक.

१९८०मध्ये हा निकष कोसळला. लोव्हानिएन्सिस ही जात ४५ अंशांनाही मजेत वाढते, दिसते हुबेहूब फाउलेरीसारखी, पण उंदराला काही करत नाही. पाठोपाठ ऑस्ट्रेलिएन्सिस या जातीने 'उंदीर मेला तर घातक' हा दुसरा निकषही मोडला: ती उंदीर मारते, माणसात मात्र तिचा एकही रुग्ण नोंदलेला नाही. माझ्या मते आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. मे अखेरच्या नवतप्यात तापणारी उथळ तळी म्हणजे आयतं उबवणयंत्र. उष्णता सोसणारे निरुपद्रवी भाऊबंदही तिथे निवडून निघणार. अशा पाण्यात 'उष्णताप्रिय अमिबा आढळला' हा मथळा होऊ शकतो, निदान नव्हे. डीएनएचा ठरावीक तुकडा तपासल्याशिवाय जात पक्की सांगता येत नाही. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणाऱ्या चाचणीने, ते आता काही तासांत होतं.

रुग्णाच्या बाबतीत गणित उलटं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात अमिबा मुळात असूच नये. त्यामुळे ताज्या थेंबात सरकताना दिसला, आणि रुग्णाच्या नाकात तळ्या-विहिरीचं पाणी गेल्याचा इतिहास असला, तर जातीची वाट न पाहता उपचार सुरू करतात. उशीर परवडत नाही, कारण फाउलेरीच्या संसर्गात शंभरात ९५हून अधिक रुग्ण दगावतात. मात्र तो नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. गारठलेला अमिबा हलत नाही आणि पांढऱ्या पेशींत सहज खपून जातो.