बारा अंकांतला शेवटचा अंक

कापूस विक्रीच्या नोंदणीसाठी सेतू केंद्रात रांग लागते. घाईत आधार क्रमांकातल्या 27 चे 72 झाले की पडद्यावर ‘क्रमांक अवैध’ असे येते आणि रांगेतले म्हणतात, ‘सर्व्हरनं पकडलं!’ खरे तर यासाठी सर्व्हर लागतच नाही. नेट बंद असतानाही ही चूक सापडू शकते, कारण आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशोबाने काढलेला असतो.

हिशोब साध्या बेरजेचा नाही. 2 आणि 7 कोणत्याही क्रमाने लिहा, बेरीज 9 च. (ट्रॅक्टरच्या नंबराची बेरीज 9 यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे: अशी बेरीज एवढेच सांगते की त्या संख्येला 9 ने पूर्ण भाग जातो. नशिबाचा त्यात काहीही संबंध नाही.)

मग प्रत्येक स्थानाला वेगळा गुणक देऊन बेरजेचा शेवटचा अंक पाहिला तर? गुणक सम किंवा 5 असला तर एका अंकाची चूकही निसटते, म्हणून 1, 3, 7, 9 एवढेच उरतात. हे सगळे विषम, त्यांच्यातला फरक सम. त्यामुळे 5 चा फरक असलेल्या दोन अंकांची अदलाबदल सुटते. गुणक 3 आणि 7 घ्या: 27 साठी 6 + 49 = 55, 72 साठी 21 + 14 = 35. दोन्हींच्या शेवटी 5!

डच गणिती फेरहूफ यांनी 1969 मध्ये बेरीजच बदलली; आधारचा बारावा अंक त्यांच्याच रीतीने काढतात. पुठ्ठ्याचा समभुज, समकोन पंचकोन कापा. तो आपल्याच चौकटीत दहा प्रकारे बसतो: पाच नुसते फिरवून, पाच उलटा करून. या दहा हालचालींना 0 ते 9 अंक दिले. आधी फिरवून मग उलटा करणे आणि आधी उलटा करून मग फिरवणे, यांतून वेगळी स्थिती येते. त्यांच्या तक्त्यात 1 आणि मग 5 केले की 6 येतात, 5 आणि मग 1 केले की 9. क्रमाला किंमत आली ती इथे.

पण 1 आणि 2 ही दोन्ही नुसती फिरवणी. त्यांचा क्रम बदलला तरी 3 च येतात. म्हणून जोडण्याआधी अंकच बदलायचे: 0 चा 1, 1 चा 5, 5 चा 8, 8 चा 9, 9 चा 4, 4 चा 2, 2 चा 7, 7 चा 0, शिवाय 3 चा 6 आणि 6 चा 3. उजवीकडचा शेवटचा अंक तसाच, त्याच्या डावीकडचा एकदा बदलायचा, पुढचा दोनदा. आठ वेळा बदलला की अंक मूळ जागी येतो. मग उजवीकडून एकेक अंक त्या तक्त्याने जोडत गेल्यावर शेवटी 0 उरले तरच क्रमांक वैध. एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची कोणतीही अदलाबदल यातून सुटत नाही.

दोन-तीन अंक एकदम चुकले, तर मात्र दहातला साधारण एक क्रमांक तरीही वैध ठरतो. अकरा अंक मनाने लिहून बारावा हिशोबाने लावला, तरी तपासणी पार पडते. असा क्रमांक कुणाला दिलेला आहे का, हे आधार प्राधिकरणाच्या नोंदीतूनच कळते. आणि बापाच्या जागी मुलाचा क्रमांक गेला, तर तो गणिताने बरोबरच असतो. तिथे नोंदणीच्या पावतीवरचे नाव कार्डाशी जुळवूनच पाहावे लागते.