इन्सुलिन आणि ‘सुट्टीवर गेलेले’ प्राध्यापक

सर्जन फ्रेडरिक बँटिंग आणि २२ वर्षांचा विद्यार्थी चार्ल्स बेस्ट यांनी टोरांटोत १९२१च्या उन्हाळ्यात दोघांच्याच बळावर इन्सुलिन शोधलं, प्रयोगशाळेचे प्रमुख प्रा. मॅक्लाउड मात्र स्कॉटलंडला मजेत होते आणि नोबेल आयतं पदरात पडलं, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. गोष्ट झकास आहे, पण अर्धवट.

मॅक्लाउड उन्हाळ्यात परदेशी होते, एवढं खरं. पण प्रयोगशाळा, कुत्री आणि मदतनीस म्हणून बेस्ट हे सगळं त्यांनीच दिलं होतं. कुत्र्याचं स्वादुपिंड (शरीरात इन्सुलिन तयार करणारी ग्रंथी) काढण्याची पहिली शस्त्रक्रिया करतानाही ते बँटिंगसोबत उभे होते. तिकडून पत्रांतून सूचना येतच होत्या. परतल्यावर त्यांनी निकालांवर शंका काढल्या, प्रयोग पुन्हा करायला लावले. बँटिंग भडकले. (चांगल्या गाईडवर विद्यार्थी चिडतातच म्हणा!)

त्या शंका किती रास्त होत्या, ते जानेवारी १९२२मध्ये कळलं. ११ तारखेला १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला बँटिंग-बेस्ट यांनी स्वादुपिंडातून काढलेला अर्क टोचला. साखर थोडीच उतरली, वर सुईच्या जागी गळू झालं. उपचार थांबवावे लागले. २३ तारखेला पुन्हा इंजेक्शन दिलं तेव्हा मात्र गुण आला, कारण हा अर्क जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला होता. बायोकेमिस्ट कॉलिप यांना या कामात घेतलं होतं मॅक्लाउड यांनीच.

१९२३चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडनी कॉलिपना. प्रचलित गोष्टीत ही दुसरी वाटणी सहसा गाळलेली असते.